कार्तिकीची पायी दिंडी: मार्गदर्शन उत्तम, व्यवस्थेबाबत एक तक्रार

बेळगाव तालुक्यातील एका गावाहून कार्तिकी एकादशीसाठी पंढरपूरला निघणाऱ्या पायी दिंडीत मी यंदा भिशी (दिंडीच्या खर्चाची वर्गणी) भरून सहभागी झालो होतो. पुढील वर्षी जाण्याचा विचार करणाऱ्यांनी चौकशी केली, म्हणून हा अभिप्राय लिहीत आहे. मार्ग संकेश्वर, चिकोडी, अंकली, मिरज, सांगोला असा आहे. सामान टेंपोत असते, मुक्काम देवळात किंवा शाळेत होतो आणि जेवण बहुतेक ठिकाणी गावकरीच देतात. चिकोडी भागात "बर्री माउली" (या, माउली) म्हणत कानडी घरांतून वाढलेली भाकरी आणि शेंगाचटणी विसरण्यासारखी नाही.

या दिंडीची खरी जमेची बाजू म्हणजे तिचे वयोवृद्ध वीणेकरी, म्हणजे वीणा घेऊन दिंडीचे नेतृत्व करणारे बुवा. आयुष्यभर कचेरीत वेळापत्रके आखलेल्या माझ्यासारख्याने पहिल्याच दिवशी त्यांना पुढील सर्व मुक्कामांच्या वेळा विचारल्या, तेव्हा "माउली, ते आम्ही बघतो, तुम्ही टाळ सांभाळा," एवढेच उत्तर मिळाले. ते मला काहीसे तुटक वाटले. परंतु टाळ वाजवायला दोन्ही हात लागतात, त्यामुळे किती अंतर उरले हे मोबाईलवर पाहता येत नाही, आणि पाहायला गेलेच तर ठेका चुकून शेजारच्या टाळकऱ्याच्या पावलीत आपला पाय अडकतो. पुढचे सगळे आधीच ठरवून ठेवण्याची माझी खोड जी अनेक प्रवचने ऐकूनही सुटली नव्हती, ती या साध्या सक्तीने बरीच सैल झाली.

अंकलीला शितोळे सरकारांच्या वाड्यापाशी दिंडी थांबली. आषाढीच्या पालखी सोहळ्यासाठी आळंदीला जाणारे अश्व येथूनच निघतात. त्यांपैकी एकावर स्वार नसतो, कारण त्यावर स्वतः ज्ञानेश्वर माउली आरूढ असतात अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. वीणेकरी बुवांनी एवढेच सांगितले आणि अर्थ लावण्याचे काम आमच्यावर सोडले. उपदेशाचा हा संयम हल्ली दुर्मीळ झाला आहे.

तक्रार मात्र नोंदवलीच पाहिजे. एका मुक्कामी पिण्याचे पाणी अपुरे होते आणि महिलांसाठी शौचालयाची सोय नव्हती. याबद्दल विचारले असता व्यवस्थापकांनी "माउलींची इच्छा" म्हणून विषय मिटवला. मन देवावर सोपवावे हे मान्य आहे, पण पाण्याचा टँकर सांगणे हे भिशी घेणाऱ्यांचेच काम आहे. विशेष म्हणजे वीणेकरी बुवांनीच त्यांना सर्वांदेखत सुनावले आणि दुसऱ्या दिवसापासून पाणी वेळेवर आले.

मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी आपली औषधे टेंपोतील पिशवीत न ठेवता खांद्यावरच्या झोळीत ठेवावीत, कारण टेंपो पुष्कळदा दिंडीच्या बराच पुढे निघून जातो.