वॉरंटी संपलेली जर्मन एसयूव्ही आणि नागपूर: सव्वा वर्षाचा अनुभव

गाडी 2015 ची, तीन लिटर डिझेल व्ही-सिक्स, एअर सस्पेन्शनवाली, म्हणजे लोखंडी स्प्रिंगऐवजी हवा भरलेल्या रबरी पिशव्यांवर उभी राहणारी. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण या वर्गातल्या जर्मन गाड्यांचं थोड्याफार फरकाने हेच आहे. 2024 च्या दिवाळीआधी सेकंड हॅण्ड घेतली, 84 हजार किमी झालेली, साडेसोळा लाखात. नवीन होती तेव्हा ऑन रोड पाऊण कोटीच्या घरात होती. हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहा भाऊ, पुढचं सगळं त्यातच आहे. गाडीचा भाव पावपट झाला पण पार्ट अजूनही पाऊण कोटीच्याच गाडीचे आहेत आणि दरवर्षी महागच होऊन राहिले. टायर, इन्शुरन्स, नेहमीची सर्व्हिसिंग सोडून नुसत्या रिपेअरवर आतापर्यंत तीन लाखाच्या वर गेले. तरी विकणार नाही.

सगळ्यात मोठा खर्च एअर सस्पेन्शनचा, आणि तोच नीट सांगतो, कारण तिथेच लोक सगळ्यात जास्त लुटले जातात. पहिल्याच हिवाळ्यात सकाळी पाहिलं की पुढची डावी बाजू बसलेली दिसायची. गाडी चालू केली की मिनिटभरात वर यायची, म्हणून काही दिवस कोणाच्या लक्षातही येत नाही. थंडीत रबर कडक होतं त्यामुळे असले लीक तेव्हाच उघडे पडतात. मग डॅशबोर्डवर फॉल्टचा मेसेज आला. मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली, लॅपटॉप लावला, दहा मिनिटात एस्टिमेट हातात: कंप्रेसर गेला, एक लाख दहा हजार. मी म्हटलं, हवा कुठून जाऊन राहिली ते आधी दाखवा ना. तर म्हणे पहिले कंप्रेसर टाकू, मग पाहू. हे मला पटलंच नाही. कंप्रेसरचं काम फक्त हवा भरायचं आहे, रबरी बेलो (हवेची पिशवी) फुटला असेल तर तो बिचारा दिवसभर हवा भरतच राहतो, गरम होतो आणि शेवटी जळतो. नवीन टाकला असता तरी वर्षभरात तोही गेला असता.

मग नागपूरला लागून असलेल्या वाडी गावातल्या एका मेकॅनिककडे नेली, ते फक्त याच गाड्यांचं काम करतात. दादांनी पहिल्या दिवशी एकही नट खोलला नाही. चारही फेंडरवर मास्किंग टेप लावली, चाकाच्या सेंटरपासून फेंडरच्या कडेपर्यंत मोजलं, आकडा पेनाने टेपवरच लिहिला आणि गाडी रात्रभर तशीच ठेवली. सकाळी तीन बाजू जवळपास तेवढ्याच, पुढची डावी सात सेंटीमीटर खाली. मग गाडी लिफ्टवर घेतली, स्प्रेच्या बाटलीत साबणाचं पाणी, आणि बेलोचं रबर जिथे आतल्या बाजूला दुमडतं तिथे बारीक बुडबुड्यांची ओळ निघाली. मला हाताने लावून दाखवलं, रबर ताणलं की केसासारख्या भेगा दिसत होत्या. नंतर कंप्रेसरचं प्रेशर मोजलं, ते बरोबर निघालं, फक्त कंप्रेसर चालू-बंद करणारी रिले बदलली कारण जास्त चालून चालून तिचे पॉइंट चिकटतात. तो जुना कंप्रेसर आजही मस्त चालून राहिला.

स्ट्रट (बेलो आणि शॉकअप एकत्र असलेला अख्खा पार्ट) मात्र पुढचे दोन्ही बदलले, एक नवा एक जुना ठेवायचा नाही. शोरूमचा भाव एकाला दीड लाखाच्या वर. पण कार कंपनी हे पार्ट स्वतः बनवत नाही, सप्लायरकडून घेते, आणि तोच सप्लायर तोच माल स्वतःच्या डब्यात विकतो. तो 82 हजाराला एक पडला, मजुरी वेगळी. इथे एकच काळजी, साध्या कॉपी मालाच्या नादी लागू नका. दादांच्या शेडमध्ये वर्षभरात परत फुटलेले स्वस्त बेलो कोपऱ्यात पडलेले मी पाहिले.

दुसरी गोष्ट आपला उन्हाळा. जर्मनीत बसून डिझाइन केलेल्या गाडीला नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ भाजणारे दिवस, काय ते माहीत नसतो. कूलिंगमध्ये थर्मोस्टॅट हाऊसिंग, पाइपांचे जॉइंट, कूलंटची टाकी, सगळं प्लास्टिक, आणि दहा वर्षं पंचेचाळीस डिग्री खाल्लेलं प्लास्टिक बिस्किटासारखं मोडतं. मे महिन्यात बुटीबोरीहून येताना एसीतून गोडसर वास आला, मी लगेच साइडला घेऊन इंजिन बंद केलं. हाऊसिंगला तडा होता. पार्ट आणि कूलंट धरून अठ्ठावीस हजारात भागलं. तसंच ओढत घरापर्यंत आणली असती तर हेड गॅस्केट आणि मग विषय लाखांत. गोड वास आला की थांबा, टेम्परेचरचा काटा वर जायची वाट पाहू नका.

बॅटरी गेली तीही उन्हानेच. या गाड्यांना एजीएम नावाची वेगळ्या प्रकारची, महाग बॅटरी लागते आणि बऱ्याच मॉडेलमध्ये नवी बसवल्यावर स्कॅनरने गाडीला तसं कळवावं लागतं, नाहीतर ती जुन्याच हिशोबाने चार्ज करत राहते.

गिअरबॉक्सचं तेल 'लाइफटाइम' आहे, बदलायचं नसतं, असं तुम्हाला हमखास सांगतील. ऐकू नका. हा आठ गिअरचा बॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतःच 80,000 ते 1,20,000 किमीच्या दरम्यान बदलायला सांगते. फिल्टर प्लास्टिकच्या ऑइल पॅनमध्येच असतो त्यामुळे अख्खा पॅन बदलावा लागतो. लेव्हलही इंजिन चालू ठेवून तेल ठरावीक तापमानाला असतानाच पाहायची असते, म्हणून हे काम मेच्या दुपारी नको, मी गेल्या दिवाळीनंतर करून घेतलं. 22 सप्टेंबर 2025 पासून पार्टवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला, तेवढा दिलासा. तेल बदलल्यावर दुसरा-तिसरा गिअर पडताना हलका झटका बसायचा तो पूर्ण गेला.

डीपीएफचा, म्हणजे डिझेलच्या धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, त्रास मला नाही, पण नुसती शहरातल्या शहरात धरमपेठ ते बर्डी चालवणाऱ्यांना होणारच. फिल्टरमधली काजळी जळायला इंजिन बराच वेळ गरम आणि एकसारख्या स्पीडवर लागतं, सिग्नल टू सिग्नल ते होत नाही. मी महिन्यातून एकदा शिवमडक्याहून समृद्धी महामार्गावर टाकतो, वर्ध्याच्या पुढे जाऊन परत. आणि खरं सांगू, तिथे 120 ला क्रूझवर टाकली की आवाज नाही, डुलणं नाही, आईला मागे गाढ झोप लागते. तिच्या कंबरेचं ऑपरेशन झालंय, आधीच्या गाडीत तिला शिर्डीला न्यायची हिंमतच होत नव्हती. यासाठीच ठेवली आहे.

नागपुरात अशी गाडी पाहायला जात असाल तर मालकाला आदल्या रात्री गाडी सपाट जागेवर लावून ठेवायला सांगा आणि तुम्ही जाईपर्यंत चालू करू देऊ नका. बॉनेटला हात लावून पाहा, गरम असेल तर दुसऱ्या दिवशी परत जा. साधा इन्शुरन्स झिजेचा किंवा मेकॅनिकल बिघाडाचा पैसा देत नाही, म्हणून घेतानाच तीन-चार लाख वेगळे बाजूला ठेवा, हप्त्यावर गाडी आणि उधारीवर रिपेअर असं जमत नाही. माझ्याकडे आता मागचे बेलो आणि पुढचे कंट्रोल आर्म बुश (चाकाच्या आर्मच्या जॉइंटमधले रबर) राहिले, बुशचं काम होळीनंतर लावतो. सनरूफच्या ड्रेन नळ्या जूनच्या आत साफ करायच्या आहेत, त्या तुंबल्या की पाणी कार्पेटखालच्या वायरिंगपर्यंत जातं.