बुलएमक्यू: रांग चोख, पण कुलूप समजून घ्यावे

ठाण्यातील नौपाड्याच्या एका पॅथॉलॉजी लॅबचे सॉफ्टवेअर आम्ही महापे येथून सांभाळतो. मंजूर रिपोर्टची पीडीएफ करून ती ईमेलने पाठवण्याचे काम पूर्वी नोडचा (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रणालीचा) सर्व्हर त्याच रिक्वेस्टमध्ये उरकत असे; त्यामुळे उपाशीपोटी दिलेल्या नमुन्यांचे रिपोर्ट सकाळी अकराच्या सुमारास एकदम मंजूर होऊ लागले, की काउंटरवरच्या ताईंच्या स्क्रीनवर चक्र फिरत राही आणि आमचा फोन खणखणू लागे. हे काम बुलएमक्यूकडे, म्हणजे रेडिस या मेमरीत डेटा ठेवणाऱ्या डेटाबेसवर कामांची रांग चालवणाऱ्या लायब्ररीकडे, सोपवल्यापासून बटण दाबताच स्क्रीन मोकळी होते.

उभारणी एका दिवसात झाली. मात्र डिफॉल्ट सेटिंग डोळे झाकून स्वीकारू नये: वेगळे सांगितल्याशिवाय फसलेला जॉब (रांगेतले एक काम) पुन्हा केला जात नाही, पूर्ण झालेले जॉब रेडिसमध्ये साचत राहतात, आणि रेडिसचे मेमरी धोरण ‘नोइव्हिक्शन’ (मेमरी भरली तरी डेटा न काढणे) नसेल तर मेमरी भरल्यावर रांगेचाच डेटा उडू शकतो.

आमची खरी फजिती वेगळीच झाली. एका कंपनीच्या आरोग्य तपासणीचा जाडजूड एकत्रित रिपोर्ट दोनदा गेला. वर्कर, म्हणजे रांगेतली कामे करणारा प्रोग्राम, जॉब उचलताना तो दुसऱ्या कोणी घेऊ नये म्हणून त्यावर 30 सेकंदांचे कुलूप लावतो आणि काम चालू असेतो त्याची मुदत वाढवत राहतो. पण आमच्या पीडीएफच्या कोडने इव्हेंट लूपच (नोडमध्ये सगळी कामे आळीपाळीने चालवणारे चक्र) अडवून धरल्यामुळे मुदत वाढवायला उसंत मिळाली नाही, कुलूप सुटले आणि तोच जॉब अडकलेला समजून दुसऱ्या वर्करने हाती घेतला. चूक सर्वस्वी आमची, कारण माहितीपत्रकात हे स्पष्ट लिहिलेले आहे. आता पीडीएफ स्वतंत्र प्रोसेसमधल्या सँडबॉक्स प्रोसेसरमध्ये तयार होते आणि ईमेलचा जॉब वेगळा असून रिपोर्ट क्रमांकावरून बेतलेला जॉबआयडी त्याला दिलेला असतो. तोच आयडी पुन्हा आला तर बुलएमक्यू नवा जॉब घेत नाही, पण जुना जॉब रेडिसमध्ये शिल्लक असेपर्यंतच. म्हणून पूर्ण झालेले जॉब आम्ही लगेच न पुसता एक दिवस ठेवतो.

एमआयटी परवान्याखालील ही लायब्ररी विनामूल्य आहे. ज्यांच्याकडे पोस्टग्रेस हा डेटाबेस आहे, रेडिस नाही आणि कामही बेताचे आहे, त्यांनी मात्र आधी पोस्टग्रेसवरच रांग चालवणारी पीजी-बॉस ही लायब्ररी पाहावी. दुसरी लॅब जोडली तेव्हा एकीच्या गर्दीत दुसरी खोळंबू नये म्हणून आम्हाला जॉबचे गट हवे होते. ती सोय सशुल्क प्रो आवृत्तीतच असल्याने प्रत्येक लॅबला स्वतंत्र रांग दिली आहे, आणि तूर्त तेवढ्यावर भागते आहे.