मुलींची वेगळी टुर्नामेंट की सगळ्यांची एकच?

कॉलेजच्या फेस्टमध्ये किंवा सोसायटीत गेमिंगची टुर्नामेंट भरवायची ठरली की मीटिंगमध्ये हा प्रश्न येतोच: मुलींसाठी वेगळा गट ठेवायचा का? ऐरोलीत आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये आम्ही एका वर्षी फक्त खुला गट, म्हणजे मुलं-मुली एकत्र, ठेवला आणि पुढच्या वर्षी दोन गट केले. त्यामुळे यंदा जे ठरवायला बसलेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी क्रिकेटची तुलना बाजूला ठेवू. २ नोव्हेंबर २०२५ ला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आपल्या मुलींनी वर्ल्ड कप जिंकला, तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक जण म्हणतो, "तिथे वेगळं आहे, मग इथेही असू दे." पण क्रिकेटमध्ये चेंडूचा वेग, फटक्याची ताकद यांचा प्रश्न असतो, माउस आणि मोबाइलला तो नसतो. कॅनडाची साशा होस्टिन, म्हणजे 'स्कार्लेट', हिने २०१८ मध्ये दक्षिण कोरियात प्योंगचांगला स्टारक्राफ्ट २ या कॉम्प्युटर गेमची मोठी खुली स्पर्धा जिंकून दाखवली. त्यामुळे 'मुली कमी पडतात म्हणून वेगळा गट' असं कोणी म्हणत असेल तर त्याला तिथेच थांबवा. २०१४ मध्ये फिनलंडमध्ये हार्थस्टोन या पत्त्यांच्या ऑनलाइन गेमची पात्रता फेरी फक्त पुरुषांसाठी ठेवली होती, तेव्हा इतका गदारोळ झाला की ई-स्पोर्ट्सच्या आंतरराष्ट्रीय संघटनेला स्पर्धा सगळ्यांसाठी खुली करावी लागली.

मग खुला गट पुरेसा का नाही? आमच्या पहिल्या वर्षीची एक गोष्ट सांगतो. व्हॅलरंट या पाच-पाच जणांच्या शूटिंग गेमच्या मॅचमध्ये एक मुलगी चार मुलांबरोबर खेळत होती. हेडफोनचा माइक तिने वर वळवून ठेवलेला. बी साइटवर, म्हणजे मॅपवरच्या एका मोक्याच्या जागी, तिला समोरच्या टीमचे दोन जण दिसले, तर तिने तोंडाने न सांगता मॅपवर पिंग केलं, म्हणजे नुसती खूण टाकली. शेजारचा मुलगा हातभर अंतरावर बसलेला, पण त्याचं लक्ष गेलं नाही आणि राउंड हातचा गेला. नंतर विचारलं तर म्हणाली, "दादा, ऑनलाइन माइक कधी चालूच करत नाही. आवाज ऐकला की एक तर शिव्या सुरू होतात, नाही तर गेम सोडून नंबर मागतात." पाच जणांच्या टीममध्ये अर्धा खेळ कॉल देण्यावर, म्हणजे कोण कुठे आहे ते माइकवर सांगण्यावर चालतो. ती तीन वर्षं गप्प राहून खेळली होती. नेम पक्का झाला होता, पण कॉल द्यायची सवय कधी लागलीच नव्हती. ओव्हरवॉच हा शूटिंग गेम खेळणाऱ्या कोरियाच्या गेगुरीचा नेम इतका अचूक होता की २०१६ मध्ये तिच्यावर चीटिंगचा आरोप झाला आणि तिला कॅमेऱ्यासमोर खेळून तो खोडावा लागला. दार सगळ्यांना उघडं होतं, पण आत आल्यावर तिला हे सोसावं लागलं.

म्हणून माझं मत गेमनुसार बदलतं. बुद्धिबळ, टेकन (फायटिंग), एफसी (फुटबॉल) असे एकास एक खेळ असतील तर खुला गटच बरा. बुद्धिबळात रोहिणी खाडिलकर १९७६ मध्येच पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या होत्या. फार तर मुलींसाठी वेगळं बक्षीस ठेवा. व्हॅलरंट, बीजीएमआय (मोबाइलवरचा शूटिंग गेम) अशा टीमच्या खेळात मात्र वेगळा गट हवाच. व्हॅलरंट बनवणाऱ्या रायटनं २०२१ मध्ये 'गेम चेंजर्स' ही मुख्यतः महिलांसाठीची वेगळी स्पर्धा सुरू केली आणि २०२२ मध्ये बर्लिनला तिची पहिली जागतिक फायनल झाली. त्यात खेळणाऱ्यांना मुख्य स्पर्धेचं दार बंद नाही, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

वेगळ्या गटाचे तोटेही आहेत. टीम कमी येतात, त्याच चार टीम एकमेकींशी पुन्हा पुन्हा खेळतात आणि खेळ तिथेच अडतो. पैसाही आटतो: काउंटर-स्ट्राइक या शूटिंग गेमची महिलांची लीग, ईएसएल इम्पॅक्ट, २०२२ मध्ये सुरू झाली आणि आर्थिक गणित जमेना म्हणून २०२५ मध्ये थांबवली गेली. आपल्याकडे याचंच छोटं रूप म्हणजे खुल्या गटाला रोख बक्षीस आणि मुलींना हेडफोन व फोटो. तसं करायचं असेल तर वेगळा गट ठेवूच नका. पैसे कमी असतील तर दोन्हीकडचे कमी करा.

'प्रत्येक टीममध्ये एक मुलगी हवीच' असा मधला मार्ग कोणीतरी सुचवतंच. माझा त्याला विरोध आहे. मुलं बहिणीला पाचवी म्हणून आणून बसवतात आणि तिची इच्छा कोणी विचारत नाही.

दुसऱ्या वर्षी आम्ही मुलींचा गट शनिवारी आणि खुला गट रविवारी ठेवला, म्हणजे दोन्हींत उतरता यावं. मुलींच्या विजेत्या टीमला खुल्या गटात थेट स्लॉट दिला. दिव्या देशमुख २०२५ मध्ये जॉर्जियात बटुमीला बुद्धिबळाचा महिलांचा वर्ल्ड कप जिंकली आणि त्यातून थेट ग्रँडमास्टर झाली, तेही पुरुषांना मिळतो तोच किताब घेऊन. वाट अशी पुढे जाणारी हवी. ती माइकवाली मुलगी शनिवारी सगळ्या मुलींच्या टीममधून खेळली. पहिल्या मॅचला पुटपुटत होती, तिसऱ्या मॅचला तिचा आवाज बाहेर पॅसेजमध्ये येत होता: "दोन बी-वर, एक मिडला, थांब, स्मोक टाक!" रविवारी त्यांची टीम खुल्या गटात दुसऱ्या फेरीत हरली. पण त्या मॅचमध्येही कॉल तीच देत होती.

वेळेचंही बघा. आमची पहिल्या वर्षीची फायनल रात्री साडेदहाला संपली आणि ठाण्याहून आलेल्या दोन मुली सेमीफायनल सोडून निघाल्या, कारण घरून फोनवर फोन येत होते. आता आम्ही दोन्ही गटांच्या फायनल संध्याकाळी सहाच्या आत संपवतो. फॉर्मवरही तसं छापतो, म्हणजे घरी दाखवता येतं.