इन-ॲप मेसेजवरून युजर वेगळे काढायचे तर: ॲनालिटिक्सची ऑडियन्स की बिगक्वेरी?

फायरबेसचा (ॲप बनवणाऱ्यांसाठीची गुगलची सेवा) इन-ॲप मेसेज, म्हणजे ॲप उघडं असताना स्क्रीनवर येणारा संदेश, दिसला, त्यावर टॅप केलं किंवा तो बंद केला, की अनुक्रमे इम्प्रेशन, ॲक्शन, डिसमिस असे इव्हेंट आपोआप नोंदले जातात. आता यांच्यावरून गट कसे पाडायचे? वाटा दोन: ऑडियन्स, म्हणजे गुगल ॲनालिटिक्समध्ये अटी लावून बनवलेला युजरचा गट, किंवा बिगक्वेरी, म्हणजे गुगलचा डेटाबेस, जिथे हेच इव्हेंट कच्च्या रूपात पाठवता येतात.

ऑडियन्स बनवायला दहा मिनिटं पुरतात, कोड लागत नाही, आणि तोच गट पुढच्या मेसेजला टार्गेट करता येतो, त्यामुळे मार्केटिंगवाल्यांना रोज डेव्हलपरच्या मागे लागावं लागत नाही. ॲनालिटिक्सच्या एका प्रॉपर्टीत (ॲपचा डेटा जिथे जमतो तो कप्पा) साधारण 100 ऑडियन्स बसतात, छोट्या ॲपला भरपूर झाल्या.

पण डिसमिस म्हणजे नावड हे मला अजिबात पटत नाही! आमच्या डब्याच्या ॲपवर 'रविवारी डबा बंद' असा मेसेज टाकला होता, त्यात टॅप करण्यासारखं काही नव्हतंच, लोकांनी वाचला आणि बंद केला, आणि आम्ही त्या सगळ्यांना 'इंटरेस्ट नाही' च्या गटात टाकून पुढचे दोन मेसेज पाठवलेच नाहीत. चूक आमचीच. बिगक्वेरीत प्रत्येक इव्हेंटची वेळ मायक्रोसेकंदात असते, दिसणं आणि बंद करणं यातलं अंतर काढलं की एका सेकंदात फुली मारणारा आणि आठ सेकंद थांबून वाचणारा लगेच वेगळे दिसतात. एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) मात्र यायलाच हवं, आणि ॲनालिटिक्स बिगक्वेरीला लिंक करायच्या आधीचा डेटा मिळत नाही, म्हणून लिंक आजच करून ठेवा.

टॅप करणाऱ्यांसाठी ऑडियन्स बास आहे. बंद करणाऱ्यांसाठी मी बिगक्वेरीच घेईन.