लोकर तालुक्याच्या दुकानातून घ्यावी की मोबाईलवरून मागवावी?

आमच्याकडे विणायला सवड मिळते उन्हाळ्यात आणि दुकानात लोकर येते दिवाळीनंतर. थंडी पडते तेव्हा कापूस वेचायला आलेला असतो, तूर सोंगायची असते, पाठोपाठ हरभरा. सुया हातात घ्यायला रात्रीचा तासभर सापडला तर सापडला. खरी मोकळीक फाल्गुन सरला की मृगापर्यंत, आणि नेमकं तेव्हा तालुक्याच्या कटलरीवाल्याने लोकरीची खोकी माळ्यावर टाकलेली असतात. मागितलं तर उरलेसुरले रंग काढून देतो, पण अख्ख्या स्वेटरला पुरेल इतकी एका रंगाची लोकर त्यात क्वचितच निघते. म्हणून लोकर कुठून घ्यावी असं कुणी विचारलं, की मी आधी महिना कोणता आणि विणायचं काय, हे विचारते.

दिवाळी ते संक्रांत असेल आणि तुम्ही नुकत्याच सुलट-उलट टाके शिकत असाल, तर दुकानात जा. यात मला दुसरं मत नाही. गुंड्याचं टोक सोडवून दोन बोटांत चोळा, पीळ लगेच सुटत असेल तर ती लोकर विणताना सुईच्या टोकाला फाटे फोडते. मग मानेला लावून बघा, टोचते का ते तिथेच कळतं. मोबाईलच्या फोटोत सगळ्याच लोकरी मऊ दिसतात.

दुकानाचा दुसरा फायदा लॉटचा. रंग तोच असला तरी प्रत्येक वेळच्या रंगाईत छटा किंचित बदलते आणि लेबलावर त्या खेपेचा लॉट नंबर छापलेला असतो. गुंडे हातात धरून वेगळे वाटत नाहीत, पण विणून झाल्यावर छातीवर जिथे नवा लॉट सुरू झाला, तिथे उन्हात सरळ रेघ दिसते. ओळखीचा दुकानदार त्याच लॉटचे गुंडे बाजूला ठेवतो, उरलेले लेबलासकट परतही घेतो. 17 मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झाल्याने तालुक्याला जाणंही जड राहिलेलं नाही. नागपूरला सीताबर्डी किंवा इतवारीत निवड भरपूर मिळते, पण आख्खा दिवस जातो. एका टोपऱ्यासाठी मी ते सांगणार नाही.

आता मोबाईल. वर्धमान, ओसवाल, गंगा ही लुधियानाची लोकर बारा महिने घरबसल्या मिळते आणि रंग दुकानाच्या कितीतरी पट. पण सुती धाग्यासाठी तर माझं मत सरळ ऑनलाइनच्या बाजूने आहे. कापूस आमच्या शेतात पिकतो, तरी विणकामाचा सुती धागा तालुक्याच्या दुकानात मिळत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. उन्हाळ्यात विणायला तोच बरा. ॲक्रिलिक, म्हणजे लोकर म्हणूनच विकला जाणारा कृत्रिम धागा, घामेजल्या हाताला चिकटतो, सुईवरून सरकत नाही. मात्र सूत लोकरीसारखं ताणलं जाऊन परत आवळत नाही, अंगावर जड होतं, धुतल्यावर काठ सैल पडतात. त्यामुळे रुमाल, तोरण, बाळाची झबली यांना सूत घ्यावं, मोठ्या माणसाच्या स्वेटरला नको.

बाळंतविड्याबद्दल जरा जास्त सांगते, कारण खेड्यात पहिलं विणकाम बहुधा त्याचंच असतं. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी असते, थंडीत अंगणात शेकोटी. ॲक्रिलिकवर ठिणगी पडली तर ते वितळतं आणि वितळलेला थेंब कातडीला चिकटतो. शुद्ध लोकर सहजी पेट घेत नाही, जाळापासून दूर केली की बहुधा आपोआप विझते. म्हणून शेकणं होतं त्या घरी तान्ह्या बाळासाठी मी शुद्ध मऊ लोकर सांगते, आणि अशी लोकर लहान गावात सहसा मिळत नाही, मागवावीच लागते. आलेला माल खरा आहे का, हे धाग्याचा वीतभर तुकडा चिमट्यात धरून जाळल्यावर कळतं. लोकरीला केस जळाल्याचा वास येतो आणि राख बोटात चुरगळते. सुताला कागद जळाल्याचा वास. ॲक्रिलिकचा कडक काळा मणी होतो. पण नुसतं जावळावर घालायचं टोपरं असेल, घरात शेगडी नसेल, तर मऊ ॲक्रिलिक पुरतं, धुवायलाही सोपं. त्यावर गरम इस्त्री तेवढी फिरवू नका.

मागवताना फोटो सोडा, मजकूर वाचा. आठ गुंड्यांचा भरगच्च फोटो असतो आणि खाली वजन 200 ग्रॅम, म्हणजे एक गुंडा 25 ग्रॅमचा. तेवढ्यात बाळाचा स्वेटर-टोपरं-मोजे होतात. बाईच्या पूर्ण बाह्यांच्या स्वेटरला 500 ग्रॅमच्या आसपास धरा. प्लाय म्हणजे किती पदर एकत्र पिळले ते, त्यावरून जाडी कळेलच असं नाही. जाडी कळते मीटरवरून: 100 ग्रॅममध्ये 200 ते 250 मीटर असेल तर स्वेटरला बरी मध्यम लोकर, साडेतीनशे-चारशे मीटर असेल तर बारीक, बाळाच्या कामाची. मध्यम लोकरीला 4 मिलिमीटरची सुई लावली की 10 सेंटिमीटरमध्ये साधारण 22 टाके बसतात.

सुया घेतानाही मिलिमीटरच बघा. आपल्याकडे चालतात ते नंबर जुन्या ब्रिटिश मापाचे, त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते. अमेरिकन मापात उलट. आपली 10 नंबरची सुई 3.25 मिलिमीटरची, अमेरिकन 10 नंबरची 6 मिलिमीटरची. बाळाचं टोपरं अमेरिकन नंबरच्या सुईवर विणायला घेतलं तर ते आजोबांना होईल.

पैशांचं म्हणाल तर दोन्हीकडे 100 ग्रॅमचा भाव काढा, मोबाईलच्या भावात डिलिव्हरी आणि दुकानाच्या भावात एसटीचं तिकीट मिळवा. एक-दोन गुंडे हवे असतील तर दुकान बहुधा स्वस्त पडतं. बचत गटातल्या चार-पाच जणींनी मिळून मागवलं तर हिशेब फिरतो, कारण डिलिव्हरीचा खर्च वाटला जातो. काही कुरिअरवाले गावात येत नाहीत, तालुक्याहून फोन करतात. विक्रेता टपालाने पाठवत असेल तर तो पर्याय घ्या, पोस्टमन दारापर्यंत येतो. पार्सल फोडताना मोबाईलवर व्हिडिओ काढा आणि विणायला बसण्याआधी सगळ्या गुंड्यांचे लॉट नंबर जुळवून बघा. सगळे सारखे नसतील तर लेबलं न काढता त्याच दिवशी परत करा.

रंग आणि जात दुकानात हाताने ओळखीची करून घेतली असेल, तर तीच पुढे उन्हाळ्यात मोबाईलवरून मागवायला काहीच हरकत नाही. लेबल जपून ठेवा, रंगाचा नंबर त्यावरच असतो. ऑर्डर मात्र एकदमच द्या आणि हिशेबापेक्षा एक गुंडा जास्त सांगा, दुसऱ्या खेपेला तोच लॉट मिळेल याची खात्री कुणीच देत नाही. उरलेल्यात बाळाचे मोजे होतात.