फणसाड फिरून आल्यावर: सुपेगावातलं ओटीवरचं जेवण

मुरूडजवळच्या फणसाड अभयारण्याला निघालेली मंडळी दोनच गोष्टी विचारतात. बिबट्या दिसेल का, आणि जेवायचं काय? बिबट्या बहुधा दिसत नाही. जेवण मात्र उत्तम मिळू शकतं, फक्त आधी कळवायला हवं. किती आधी, ते पदार्थागणिक बदलतं आणि घोळ नेमका तिथेच होतो.

हे रान जंजिऱ्याच्या नवाबांच्या शिकारीसाठी राखलेलं होतं. संस्थान १९४८ साली विलीन झालं आणि १९८६ साली रानाचं अभयारण्य झालं. आत पाणवठ्याला ‘गाण’ म्हणतात. सकाळची फेरी गाणीपर्यंत जाऊन परत येण्याची. वर शेकरूची घरटी शोधत आणि खाली गारंबीच्या जाड वेली चुकवत चालताना घड्याळाकडे लक्ष राहत नाही. मग दीडचे जेवणारे तीनला उगवतात आणि भाकरी चिवट होती म्हणून कुरकुरतात.

सुपेगावाकडच्या ज्या घरगुती जेवणाबद्दल हे लिहिलंय, तिथे पाटी नाही, छापील यादी नाही. चिऱ्याच्या भिंती, कौलारू छप्पर, सारवलेलं अंगण आणि ओटीवर अंथरलेल्या सतरंज्या. चालून गुडघे बोलत असतील तर पडवीतला बाक मागून घ्यावा, देतात. पंगत साधारण दहा जणांची. त्याहून मोठा गट गेला तर दुसरी पंगत बसते आणि दुसऱ्या पंगतीला सोलकढी पातळ येते, कारण तोवर नारळाचं तिसरं पाणी निघालेलं असतं. ही तक्रार रास्त आहे.

ताटात सगळ्यांचे डोळे मासळीवर असतात, पण इथे खरी चव वालाच्या बिरड्याला. हे बिरडं आयत्या वेळी कोणी करून देऊ शकत नाही. कडवे वाल रात्रभर भिजवायचे, सकाळी उपसून फडक्यात घट्ट बांधायचे, दुसऱ्या दिवशी मोड आले की कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलायचा. म्हणजे शनिवारी दुपारी हवं असेल तर गुरुवारी संध्याकाळी सांगायचं. शुक्रवारी सांगितलंत तर एक तर बाजारातले सोललेले वाल येतील, नाहीतर मोड अर्धवट राहिलेले. अर्धवट मोडाचा वाल शिजतो, पण त्याचा कडवटपणा मागे घशात रेंगाळतो.

या घरचं बिरडं ओळखायची खूण सोपी आहे. दाणा अख्खा दिसतो, आणि जीभ टाळूला लावली की विरघळतो. त्यामागे दोन गोष्टी आहेत. शिजताना वरून घालायचं पाणी उकळतं असतं, कारण गार पाणी पडलं की वाल दडस राहतात. आणि आमसुलं व गूळ अगदी शेवटी पडतात, कारण आंबट आधी गेलं की दाणा मऊ व्हायला तयार होत नाही. डावही फार फिरवत नाहीत, पातेलं धरून हलवतात. ओलं खोबरं सढळ, कोथिंबीर बेताची. तिखट मध्यम असतं. झणझणीत हवं म्हणून वर मसाला मागू नये, वालाची चवच जाते.

भाकरी तांदळाची आणि उकडीची. वाटीभर पिठाला वाटीभर उकळतं पाणी, चिमूटभर मीठ, झाकून वाफ, मग हात पोळत असतानाच मळायचं. तव्यावर टाकली की वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवतात, म्हणजे चिरा पडत नाहीत. शेवटी निखाऱ्यावर टम्म फुगते. तिचं आयुष्य मोजून दहा-पंधरा मिनिटं. गार झाली की कडा ताठ होतात आणि पुन्हा शेकली तरी ती मऊसूत येत नाही. म्हणून रानातून बाहेर पडून रेंज मिळाली की लगेच ‘निघालो’ म्हणून फोन करावा. पोचल्यावर हातपाय धुवून बसेपर्यंत तवा तापलेला असतो. आधीच करून डब्यात भरून ठेवलेल्या भाकऱ्या आल्या, तर दोष बहुतेक वेळा आपल्या वेळापत्रकाचा.

मासळी मुरूडच्या बाजूने येते, त्यामुळे सकाळी काय उतरलं त्यावर ताट ठरतं. ‘सुरमईच हवी’ असा हट्ट धरला तर दरही तसाच लागतो. बांगडा चांगला मिळाला असेल तर तोच घ्यावा. इथे त्याला तांदळाचं पीठ लावून तळतात. रव्याचं कवच कुरकुरीत दिसतं, पण तेल पितं. ताटाचा दर मासळीप्रमाणे बदलतो, तो आदल्या संध्याकाळी विचारून घ्यावा, म्हणजे नंतर तोंडं वाकडी होत नाहीत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. तेव्हा ताजी सुरमई कोणी देऊ केली तर ती बर्फातली समजावी. त्या दिवसांत कांदा घालून परतलेली सुकट मागावी, गरम भाकरीबरोबर ती सुरमईला ऐकत नाही.

सोलकढी आगळाची, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाची आहे, सरबताच्या गोड अर्काची नाही. रंग फिकट गुलाबी असतो. भडक गुलाबी आणि गोडसर लागली तर बाटलीतला गोड अर्क वापरलाय असं समजावं, कुठेही. आगळात मीठ असतंच, म्हणून घामाघूम होऊन आल्यावर आधी एक वाटी सोलकढी घ्यावी आणि मग भाताकडे वळावं.

उणिवा आणखी दोन. हात धुवायला एकच नळ, आणि मोबाइलवरून पैसे देताना रेंज दगा देते. रोख जवळ हवी, शक्यतो सुट्टी.

थंडीत गेलात तर पोपटी सांगता येते, पण ती संध्याकाळची, दुपारच्या ताटात नाही. मडक्याच्या तळाशी आणि कडेने भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, जाडं मीठ, पाल्यात गुंडाळलेली कोंबडी, अंडी, आणि तोंडाशी पुन्हा पाला दाबून. पाणी थेंबभरही नाही, ओल पाल्याची आणि शेंगांचीच. शेंगा जून झाल्या असतील तर पोपटी कोरडी होते, म्हणून हंगाम सरता सरता ती मागू नये. मडकं उपडं ठेवून भोवती जाळ करतात. झाली की नाही ते पाहायला मडक्यावर पाण्याचा शिपका मारतात. थेंब चर्र करून जागीच उडाला की मडकं उतरवायचं.