हार्टच्या पेट स्कॅनसाठी पुण्यातलं हे सेंटर चांगलं आहे, पण तयारी नीट करून जा

आमचा दादा चाळिशीतला, बीपी नाही शुगर नाही, चक्कर येऊन पडला आणि ईसीजीत मोठा हार्ट ब्लॉक निघाला, म्हणजे रक्तवाहिनीतलं ब्लॉकेज नाही, तर ठोक्याचा विजेचा सिग्नल हार्टमध्ये पुढे जाताना अडतो. पेसमेकर बसवा हे सगळेच म्हणाले, पण या वयात ब्लॉक झालाच कशाने हे एकाच कार्डिओलॉजिस्टनी विचारलं. साठीच्या आतल्या माणसाला कारण नसताना असा ब्लॉक आला तर कार्डिअ‍ॅक सार्कॉइडोसिस आहे का ते बघायलाच पाहिजे म्हणाले, म्हणजे हार्टच्या स्नायूत सुजेच्या बारीक गाठी होतात, आजार दुर्मिळ आहे आणि अँजिओग्राफी नॉर्मल येऊ शकते. एमआरआयमध्ये डाग दिसले, पण सूज आत्ता चालू आहे का ते बघायला एफडीजी पेट स्कॅन सांगितला, त्यात साखरेसारखं किरणोत्सारी औषध टोचतात आणि ते कुठे जमतं ते स्कॅनमध्ये बघतात.

आता सेंटरबद्दल. यात सगळा खेळ आदल्या दिवशीच्या जेवणाचा असतो. पोळी, भात, डाळ, फळं, दूध, साखर सगळं बंद, फक्त तुपातली अंडी, चिकन असं खायचं आणि मग रात्रभर उपाशी. कारण हार्टला साखर मिळाली की चांगला स्नायूसुद्धा ते औषध ओढतो आणि सूज कुठे आहे तेच कळत नाही. संध्याकाळी तिथल्या सिस्टरचा फोन आला, काय काय खाल्लं ते एकेक करून विचारलं, खोकल्याचं गोड औषध, च्युइंगगमसुद्धा नको म्हणाल्या. सकाळी परत सगळं लिहून घेतलं, शुगर तपासली आणि मगच इंजेक्शन दिलं. एवढी काळजी घेणारे लोक बघून खरंच बरं वाटलं!!

स्कॅननंतर डॉक्टरांनी स्क्रीनवर हार्टच्या मधल्या पडद्यावरचा चमकणारा भाग दाखवला, छातीतल्या गाठीही दाखवल्या. टीबीमध्येही असंच दिसू शकतं, त्यामुळे गाठीची बायोप्सी केल्याशिवाय स्टेरॉइड चालू करू नका हे त्यांनी स्वतःहून सांगितलं. हार्टचीच बायोप्सी का नाही विचारलं तर म्हणाले सूज ठिपक्याठिपक्यांनी असते, सुई बाजूला लागली तर रिपोर्ट नॉर्मल येतो. पुढे दुर्बिणीतून गाठीचा तुकडा घेतला, टीबी निघाला नाही, सार्कॉइडच निघाला, आता गोळ्या चालू आहेत.

एक स्टार कापला कारण डाएटचा कागद फक्त इंग्लिशमध्ये आहे, स्वयंपाक करणार आई, तिला वाचता येत नाही, मराठीत छापायला काय हरकत आहे? आणि इंजेक्शननंतर तासभर बसायचं त्या खोलीत एसी फार गार, शाल न्या. इन्सुलिन चालू असेल तर बुकिंग करतानाच सांगा, त्यांची तयारी वेगळी असते.